ट्रॉम्बेची वायुवाहिनी आणि वायूचे वाटप : कुर्ला तालुक्यातील औष्णिक वीजनिर्मितीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली आणि हार्बर मार्गाने कुर्ल्याला पोचली. विजेच्या इतिहासात कुर्ल्याचे नाव येते ते प्रथम असे, वीज वापरणारे ठिकाण म्हणून. त्यानंतर तीन दशकांनी याच परिसराच्या आग्नेय टोकाला, माहुलच्या खाजणालगत, वीज निर्माण होऊ लागली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके ठरले. कुर्ला तालुक्यात चेंबूर, माहुल, ट्रॉम्बे हा औद्योगिक पट्टा समाविष्ट झाला. ट्रॉम्बेचे मूळ मराठी नाव तुर्भे. मात्र खाडीपलीकडे नवी मुंबईतही तुर्भे असल्याने आणि वीज केंद्र 'ट्रॉम्बे' याच नावाने ओळखले जात असल्याने येथे तेच नाव योजले आहे.

मुंबईच्या वीजपुरवठ्यावरील लेखनात या केंद्राचा उल्लेख वारंवार येतो. पण तो बहुधा संचांच्या क्षमतेपुरता आणि विजेच्या दरापुरता. त्या संचांत जळणारे इंधन कोठून आले, कोणत्या मार्गाने आले आणि कोणाच्या वाट्याचे आले, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. प्रस्तुत निबंधात मुंबई हायच्या समुद्रातून उरणमार्गे ट्रॉम्बेला येणाऱ्या नैसर्गिक वायूचा या दृष्टीने मागोवा घेतला आहे. वाहिनी पोचणे आणि वायू मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. ट्रॉम्बेच्या बॉयलरमध्ये काय जळेल हे खाडीखालच्या नळीने जेवढे ठरविले त्याहून अधिक दिल्लीत होणाऱ्या वाटपाने ठरविले. त्या निर्णयाचा धूर मात्र चेंबूर-माहुलच्या रहिवाशांच्या वाट्याला आला.

वायूपूर्वीचे ट्रॉम्बे

मुंबईची वीज आरंभी सह्याद्रीच्या पावसाची होती. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रे शहरातील गिरण्या, ट्राम आणि दिवे यांना पुरेशी होती. स्वातंत्र्यानंतर उद्योगांची वाढ झाली, लोकसंख्या वाढली आणि धरणांच्या पाण्यावर भागेना. पावसाने ओढ दिली की गिरण्यांच्या पाळ्यांवर परिणाम होई. पाण्याला जोड म्हणून औष्णिक केंद्र उभारण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी जागतिक बँकेने १९५४ मध्ये १ कोटी ६२ लाख डॉलरचे कर्ज दिले. १९५६ पासून पुढील काही वर्षांत ६२.५ मेगावॅटचे तीन संच सुरू झाले. १९६५ मध्ये १५० मेगावॅटच्या चौथ्या संचाची भर पडली.

जागेची निवड तर्कशुद्ध होती. थंडाव्यासाठी खाडीचे पाणी, कुर्ल्याहून येणारा रेल्वेचा मालवाहू फाटा, आणि शेजारी दोन नवे तेलशुद्धीकरण कारखाने. स्टॅनव्हॅकचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी, १९६५ मध्ये खताचा कारखाना. अवघ्या दशकभरात कोळीवाडे, भातशेती व मिठागरे यांच्या परिसरात देशातील अवजड उद्योगांचा हा संच उभा राहिला. कारखान्यांसाठी जे तर्कशुद्ध ते वस्तीसाठी सोयीचे असतेच असे नाही. चेंबूर हे त्या काळी निर्वासितांच्या वसाहतींनी, गृहनिर्माण मंडळाच्या चाळींनी आणि झोपडपट्ट्यांनी भरत चालले होते. तेल व कोळसा यांच्या ज्वलनातून निघणारा गंधकाचा धूर, शुद्धीकरण कारखान्यांचे वायू आणि खत कारखान्याचा अमोनिया यांचे एकत्रित फळ म्हणजे चेंबूरला मिळालेले 'गॅस चेंबर' हे नाव. सर्व पेट्रोलजन्य इंधनांत सर्वांत स्वच्छ जळणारा नैसर्गिक वायू याच 'गॅस चेंबर'मध्ये यावयाचा होता, हा शब्दांचा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

समुद्रातून उरण, उरणहून ट्रॉम्बे

१९७३ च्या तेलसंकटाची झळ ताजी असतानाच फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेलाचा शोध लावला. २१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल जहाजांत भरून आणले जाई. तेल जहाजात भरता येते, वायू मात्र येत नाही. येथेच या इतिहासाचा पहिला पेच आहे.

मुंबई हायचा वायू बहुतांशी 'सहचारी' वायू आहे. खडकात तो तेलात विरघळलेला असतो. तेल वर येताना दाब कमी होतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसा तो वेगळा होतो. त्यामुळे तेल काढावयाचे तर वायू निघणारच. तो नको असेल तेव्हा विहीर बंद ठेवता येत नाही. वापरण्याची सोय नसेल तर तो जाळून टाकणे एवढाच मार्ग उरतो. समुद्रातील फलाटांवरील त्या ज्वाळा म्हणजे मुंबईच्या विजेचे न वापरलेले इंधन होते.

१९७८ मध्ये समुद्रतळावरील सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांनी तेल आणि वायू उरणला येऊ लागला. उरणच्या प्रकल्पात वायूतून स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस व अन्य जड घटक वेगळे केले जातात आणि उरलेला हलका, मुख्यतः मिथेनयुक्त वायू ग्राहकांकडे जातो. उरणहून मुंबई बंदर व ठाणे खाडीचा प्रदेश ओलांडून वाहिनी ट्रॉम्बेला आली. तेथे तिचे दोन मोठे ग्राहक शेजारी शेजारीच होते, खत कारखाना आणि टाटांचे वीज केंद्र. खत कारखान्याला वायू कच्चा माल म्हणून लागतो, वीज केंद्राला इंधन म्हणून. हा भेद तांत्रिक वाटला तरी पुढील तीस वर्षांचे वाटपाचे राजकारण त्यावर आधारलेले आहे.

उरणलाच १९८२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने वायूवर चालणारे केंद्र सुरू केले. तेथे प्रथम ६० मेगावॅटची चार जनित्रे आली आणि दशकाच्या मध्यास १०८ मेगावॅटची आणखी चार बसविण्यात आली. जो वायू जाळून टाकला जात होता त्याची वीज करावी हा हेतू योग्यच होता. परंतु या जनित्रांतून बाहेर पडणारी सुमारे पाचशे अंश तापमानाची उष्ण हवा सरळ आकाशात सोडली जात होती. त्या उष्णतेतून वाफ करून आणखी वीज काढणारे १२० मेगावॅटचे दोन संच १९९४ मध्ये आले. म्हणजे समुद्रातील ज्वाळा विझविण्यासाठी उभारलेल्या केंद्राने स्वतःच बारा वर्षे जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा धुराड्यातून घालविली. वायू स्वस्त होता, आणि स्वस्त वस्तूची काटकसर कोणी करीत नाही.

पाचवा, सहावा आणि सातवा संच

ट्रॉम्बे केंद्राचा मोठा विस्तार वायू येऊ लागल्यानंतरचा आहे. १९७८ मध्ये जागतिक बँकेने ट्रॉम्बेसाठी पुन्हा कर्ज मंजूर केले आणि १९८४ मध्ये ५०० मेगावॅटचा पाचवा संच सुरू झाला. या आकाराचा तो देशातील पहिला संच होता. त्याचे बॉयलर कोळसा, तेल व वायू या तिन्हींवर चालेल असे बनविलेले होते. ही लवचीकता अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पद आहेच. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात इंधनाविषयीची अनिश्चितताही दिसावी. ज्याला उद्याच्या इंधनाची खात्री आहे तो तीन इंधनांची चूल बांधीत नाही.

सहावा संच १९९० मध्ये आला. तोही ५०० मेगावॅटचा, मात्र त्यात कोळशाची सोय ठेवलेली नव्हती. तेल व वायू यांवरच तो चालावयाचा होता. चेंबूरच्या हवेविषयीची ओरड तोवर इतकी वाढली होती की, कोळशाचा आणखी एक मोठा संच येथे उभा करणे अवघड होते. पाचव्या संचासाठी १९८८ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यात आली. भारतातील वीज केंद्रात अशी यंत्रणा प्रथम आली ती येथेच. पुढे १९९३-९४ मध्ये केवळ वायूवर चालणारा १८० मेगावॅटचा सातवा संच सुरू झाला. उरणची चूक येथे केलेली नव्हती: वायूचे जनित्र १२० मेगावॅटचे आणि त्याच्या उष्णतेवर चालणारे वाफेचे ६० मेगावॅटचे, अशी जोडी पहिल्यापासूनच योजलेली होती.

या संचांची भूक किती, याचा ढोबळ हिशेब उद्‌बोधक ठरेल. एक युनिट विजेसाठी जोडसंचाला सुमारे २००० किलोकॅलरी उष्णता लागते आणि एक घनमीटर वायूतून साधारण ९५०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर सातवा संच पूर्ण क्षमतेने चालविण्यास दिवसाला सुमारे ९ लाख घनमीटर वायू हवा. ५०० मेगावॅटचा बॉयलर केवळ वायूवर चालवावयाचा झाल्यास सुमारे ३० लाख घनमीटर. उरणच्या ६७२ मेगावॅटच्या केंद्राला सुमारे ३४ लाख. खाडीच्या दोन्ही तीरांवरील या चार संचसमूहांची एकत्रित मागणी अशा रीतीने दिवसाला एक कोटी घनमीटरच्या घरात जाते. एवढा वायू त्यांना कधीच एकत्रितपणे मिळालेला नाही. सहाव्या संचाचा बराचसा काळ तेलावर गेला आणि तेलाची वीज महाग पडू लागल्यावर तो बंद राहू लागला. उरणचे केंद्रही पूर्ण क्षमतेने क्वचितच चालले.

वाटपाचा प्रश्न

वायू कमी का पडला? समुद्रात तो नव्हता म्हणून नव्हे. मुंबई हायच्या शेजारी, वसईचेच नाव असलेल्या बसीन क्षेत्रात वायूचा मोठा साठा सापडला होता. त्या वायूत गंधकाचे संयुग असल्याने तो किनाऱ्यावर शुद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी गुजरातेतील हजिरा हे ठिकाण निवडण्यात आले. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गॅस प्राधिकरणाने, म्हणजे 'गेल'ने, हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही महावाहिनी उभारली. तिच्यावर मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील खत कारखाने आणि अंता, औरैया येथील वीज केंद्रे आली. वसईच्या नावाचा वायू हजिऱ्याला उतरला आणि गंगेच्या खोऱ्यात गेला, ही महाराष्ट्राची तक्रार तेव्हापासूनची आहे.

ही तक्रार अर्धीच खरी मानावी लागते. समुद्रातील वायू राष्ट्राचा, ही भूमिका घटनेच्या चौकटीत बसणारी आहे, आणि युरियाची आयात कमी करणे ही त्या काळची खरीखुरी गरज होती. महाराष्ट्रालाही काही मिळाले नाही असे नाही. अलिबागजवळचा थळचा खत कारखाना आणि नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प हे उरणच्या वायूवरच उभे राहिले. किंबहुना ट्रॉम्बेच्या वीज केंद्राचे खरे स्पर्धक हजिऱ्याला नव्हते, ते रायगड जिल्ह्यातच होते.

वाटपामागील तर्क साधा होता. अमोनियासाठी वायू हा कच्चा माल असल्याने त्याला सहज पर्याय नाही. विजेला मात्र कोळसा हा पर्याय आहे. म्हणून खत आधी, वीज नंतर. राष्ट्रीय पातळीवर हा तर्क निर्दोष आहे. विदर्भात किंवा सिंगरौलीत कोळसा जाळणे आणि दाट वस्तीच्या मध्यभागी, टेकडी व खाडी यांच्या बेचक्यात कोळसा जाळणे यांत मात्र तो भेद करीत नाही. वाटपाच्या तक्त्यात क्षेत्रे होती, ठिकाणे नव्हती.

किमतीनेही यास हातभार लावला. नियंत्रित दरपद्धतीत १९८७ मध्ये वायूचा दर हजार घनमीटरला १४०० रुपये होता. १९९७ मध्ये तो तेलाच्या किमतीशी जोडताना २८५० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. २००५ मध्ये वीज व खत क्षेत्रांसाठी ३२०० रुपये आणि २०१० मध्ये दर दशलक्ष ब्रिटिश उष्मांक एककास ४.२ डॉलर असा दर झाला. बाजारभावाहून कमी दराच्या वस्तूला मागणी नेहमीच पुरवठ्याहून अधिक असते आणि मग तिचे वाटप किंमत करीत नाही, शासनादेश करतो. तोच कोटा.

स्वयंपाकघर, रस्ता आणि वीज केंद्र

१९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली आणि उरण-ट्रॉम्बे वाहिनीला तिसरा ग्राहक मिळाला. वडाळ्याच्या केंद्रातून हा वायू शहराच्या व उपनगरांच्या स्वयंपाकघरांत आणि वाहनांच्या पंपांवर जाऊ लागला. वाहनांच्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेत न्यायालयाने १९९९ च्या अखेरीस व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; त्यानंतर जुन्या टॅक्सी व रिक्षा सीएनजीवर आणण्याची प्रक्रिया वेगाने झाली. कुर्ला स्थानकाबाहेरील रिक्षांच्या रांगेतला काळा धूर कमी झाला, तो याच वायूमुळे. रस्त्यावरील हवेसाठी न्यायालय उभे राहिले. धुराड्यातून निघणाऱ्या हवेचा विचार वेगळ्या दालनात, वेगळ्या परवान्याखाली होत राहिला. हवा मात्र एकच होती.

२००५ च्या जुलैमध्ये या व्यवस्थेचा नाजूकपणा उघड झाला. २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीने कुर्ल्याच्या वस्त्या बुडविल्या. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै रोजी, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय उत्तर येथील फलाटाला धडकून आग लागली. २२ जणांचा बळी गेला आणि फलाट नष्ट झाला. एकाच आठवड्यात शहर पाण्याखाली आणि त्याच्या इंधनाचा उगम ज्वाळांत, अशी स्थिती झाली. वायूचा पुरवठा घटला तेव्हा प्रथम कात्री लागली ती अर्थातच 'पर्याय असणाऱ्या' ग्राहकांना.

याच सुमारास आयात द्रवरूप वायूने आशा निर्माण केली होती. गुजरातेतील दहेज येथे २००४ मध्ये आयातीचे केंद्र सुरू झाले, २००७ मध्ये दहेज-उरण वाहिनी आली आणि ती पुढे दाभोळपर्यंत जोडली गेली. दाभोळचा अनुभव येथे आठवणे आवश्यक आहे. द्रवरूप वायूसाठी योजलेला तो प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, वाहिनी आल्यावर पुन्हा चालू लागला, २००९ नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर काही वर्षे तग धरून राहिला आणि तो वायू आटल्यावर २०१३ मध्ये पुन्हा थंडावला. २०१५ पासून रेल्वेला वीज देण्यापुरता त्याचा काही भाग चालू झाला. नळी पोचली, यंत्रे तयार होती, तरीही वीज नव्हती: ट्रॉम्बेच्या सहाव्या संचाची कहाणीच तेथे चौपट आकाराने घडली.

म्हणूनच २००९ मध्ये ट्रॉम्बेला २५० मेगावॅटचा आठवा संच आला तो कोळशाचा, हे आश्चर्यकारक नाही. वायुवाहिनी कुंपणाशी असताना इंडोनेशियातील खाणींचा कोळसा समुद्रमार्गे आणणे अधिक खात्रीचे ठरले. त्या कोळशात गंधक कमी असते हे खरे, आणि राखही कमी पडते. पुढील वर्षांत सहावा संचही कोळशावर नेण्याचा प्रस्ताव आला. चेंबूर-माहुलच्या नागरिकांनी त्यास विरोध केला आणि ते रूपांतर झाले नाही. १९९० मध्ये ज्या संचात हवेच्या कारणास्तव कोळसा टाळला, त्याच संचात वायूच्या अभावी कोळसा आणण्याची वेळ आली होती.

माहुलच्या हवेचा सारा दोष वीज केंद्राकडे जात नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ आणि २०२० मध्ये दिलेल्या निर्णयांचा रोख प्रामुख्याने तेलशुद्धीकरण व साठवण टाक्यांतून निसटणाऱ्या बाष्पशील सेंद्रिय द्रव्यांवर होता. तरीही ज्या परिसराची हवा आधीच भरलेली आहे तेथे प्रत्येक टन इंधनाची निवड महत्त्वाची ठरते. याच माहुलमध्ये २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या विद्याविहार आदी भागांतील झोपडपट्टीवासीयांचे स्थलांतर करण्यात आले. शहराच्या पाण्याची वाहिनी सुरक्षित राहावी म्हणून त्यांना हलविले, आणि वायूची वाहिनी जेथे संपते त्या धुरकट टोकाशी आणून ठेविले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माहुलला जाण्यास नकार देणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला.

त्याच महिन्यात, ३ सप्टेंबर २०१९ रोजी, उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जण मृत्युमुखी पडले. वायू हजिऱ्याकडे वळवावा लागला आणि मुंबईतील सीएनजी पंपांवर दाब कमी झाला. पुढील वर्षी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, बाहेरून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि १९८१ पासून मुंबईला सांभाळणारी 'बेट' योजना, म्हणजे शहराला देशाच्या जाळ्यापासून अलग करून ट्रॉम्बेसारख्या आतल्या केंद्रांवर चालविण्याची व्यवस्था, त्या दिवशी टिकली नाही. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. शहराच्या आत किती वीज हवी, हा प्रश्न त्यानंतर पुन्हा चर्चेत आला, आणि त्याच्याबरोबर आतल्या केंद्रांना इंधन कोणते, हाही.

तोवर वाटपाचा क्रम बदलला होता. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरगुती नळाचा गॅस व वाहनांचा सीएनजी यांना देशांतर्गत स्वस्त वायूत अग्रक्रम मिळाला आणि त्यासाठी अन्य क्षेत्रांच्या वाट्यात कपात झाली. कुर्ल्यातील घराच्या शेगडीसाठी जो वायू वळला, तो ज्या ग्राहकांच्या हिश्श्यातून आला त्यांत वीज केंद्रेही होती. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरीच्या दहा टक्के, आणि कमाल ६.५ डॉलर, असा ठरला. जुन्या क्षेत्रांचे उत्पादन मात्र घटतच होते. ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर वायुवितरण कंपन्यांचाही स्वस्त वायूचा हिस्सा कापण्यात आला, आणि नोव्हेंबरमध्येच मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी महागला.